धुक्यातली धावपट्टी आणि मधोमध थांबलेला काटा

वहिनी, परवा जिन्यात तुम्ही जे विचारलंत ते उभ्या उभ्या सांगून संपणारं नव्हतं, म्हणून आज निवांत बसून लिहितोय. जानेवारीत लेकाकडे दिल्लीला जाताना तुमचं विमान इतक्या दाट धुक्यात उतरलं, की चाकं टेकल्याचा धक्का आधी बसला आणि खिडकीतून धावपट्टीचे दिवे नंतर दिसले. त्याच सकाळी लेकाच्या मित्राचं विमान मात्र दिल्लीवर घिरट्या घालून जयपूरला गेलं. तुमचे प्रश्न असे होते: वैमानिकाला काही दिसत नसताना तो उतरला कसा? एकाला जमलं ते दुसऱ्याला का नाही? आणि जाता जाता विचारलंत, की उद्या आपल्या सांगलीजवळच्या कवलापूरला विमानतळ झालाच, तर हे सगळं इथेही लागेल का?

मी वैमानिक नाही. माझी सगळी नोकरी जमिनीवर गेली, धावपट्टीच्या कडेला असलेल्या त्या छोट्या खोल्यांमध्ये, जिथून हे संदेश आकाशात जातात. त्यामुळे उत्तर खालून वर बघणाऱ्या माणसाचं आहे.

विमानाला धुक्यात वाट दाखवणाऱ्या या यंत्रणेला आम्ही आयएलएस, म्हणजे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम, म्हणतो. ती विमानाला ओढून आणते, असं बऱ्याच जणांना वाटतं. ती ओढत नाही आणि ढकलतही नाही. ती फक्त सांगते, की ठरलेल्या रेषेपासून तुम्ही डावीकडे आहात की उजवीकडे, वर आहात की खाली, आणि साधारण किती. बाकीचं काम वैमानिकाचं किंवा त्याच्या ऑटोपायलटचं.

हे ती कसं सांगते? तुमचं माहेर मिरजेचं, सतारमेकरांच्या शेजारचं, म्हणून तंबोऱ्यावरूनच सांगतो. आमच्या संदेशात दोन सूर असतात, एक ९० हर्ट्झचा आणि एक १५० हर्ट्झचा. ९० ला षड्ज धरलं तर १५० हा त्याच्या पाच तृतीयांश पट, म्हणजे शुद्ध धैवत. हे दोन्ही सूर एकाच रेडिओ लहरीवर बसवून सोडतात. धावपट्टीकडे येणाऱ्या विमानाच्या डाव्या बाजूला षड्ज जास्त ऐकू येईल आणि उजव्या बाजूला धैवत, अशी रचना असते. बरोबर मधल्या रेषेवर दोन्ही सारखे. विमानातला रिसीव्हर एवढंच करतो, की दोन्ही सुरांचा जोर मोजतो आणि एकातून दुसरा वजा करतो. वजाबाकी शून्य आली, की वैमानिकासमोरच्या तबकडीवरचा काटा मधोमध. षड्ज वरचढ झाला, की काटा सांगतो, ‘उजवीकडे या.’

हे डावं-उजवं सांगणारं उपकरण म्हणजे लोकलायझर. त्याचे अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला, विमान जिथे थांबायला येतं त्याच्याही पुढे साधारण ३०० मीटरवर, एका आडव्या रांगेत उभे असतात. कुठे बारा, कुठे वीस-चोवीस. लहर १०८ ते ११२ मेगाहर्ट्झच्या दरम्यानची, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याला अगदी खेटून. धावपट्टीच्या सुरुवातीपाशी काटा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण सरकायला २१० मीटर रुंदी लागेल, अशा बेताने आम्ही तो जुळवतो. लांब धावपट्टीला कोन अरुंद येतो, आखूड धावपट्टीला रुंद. आपण योग्य विमानतळाचाच संदेश ऐकतोय ना, हे वैमानिकाला कळावं म्हणून त्याच लहरीवर मोर्सच्या टिंब-रेषांत नावही वाजत असतं. ते बहुतेक आय या अक्षराने, म्हणजे दोन टिंबांनी सुरू होतं.

आता एक गोष्ट जरा बारकाईने सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डावीकडे एक भोंगा आणि उजवीकडे दुसरा, असं हे नसतं. आमच्या ट्रान्समीटरमधून दोन संदेश निघतात. पहिल्यात मूळ लहर असते आणि तिच्यावर दोन्ही सूर अगदी समसमान बसवलेले असतात. हा सगळीकडे सारखाच जातो. दुसऱ्यात मूळ लहर नसते, नुसते सूर असतात, आणि अँटेनांच्या मांडणीमुळे ते मध्यरेषेच्या एका बाजूला सुलटे आणि दुसऱ्या बाजूला उलटे पडतात. मध्यरेषेवर ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि काहीच उरत नाही. हा दुसरा संदेश हवेत पहिल्यात मिसळतो, तेव्हा डावीकडे षड्ज फुगतो आणि धैवत दबतो. उजवीकडे त्याच्या उलट. म्हणजे फरक दाखवण्याचं सगळं काम दुसऱ्या संदेशाचं. पहिला एकटा असेल, तर तो कुठेही उभ्या असलेल्याला ‘समसमान’ एवढंच सांगेल.

वर-खाली सांगणारं उपकरण वेगळं, त्याला ग्लाइड पाथ म्हणतात. ते विमान जिथे टेकतं त्या जागेच्या बाजूला, धावपट्टीच्या मध्यापासून साधारण सव्वाशे मीटरवर असतं. लाल-पांढरे पट्टे मारलेला खांब आणि शेजारी खोली. तत्त्व तेच, सूर तेच, वरच्या बाजूला ९० आणि खालच्या बाजूला १५०. लहर मात्र ३२९ ते ३३५ मेगाहर्ट्झची. गंमत अशी, की इथे जमीन हीच अर्धी अँटेना असते. अँटेनातून निघालेली लहर थेटही जाते आणि समोरच्या जमिनीवर आपटूनही जाते. दोन्हींच्या बेरजेतून तीन अंशांचा तो उतार तयार होतो. साध्या रचनेत खालची अँटेना सुमारे ४.३ मीटरवर आणि वरची बरोबर तिच्या दुप्पट उंचीवर लागते. एवढ्या कमी उंचीच्या खांबावरून मैलोगणती लांब उतार आखला जातो तो जमिनीच्या जिवावर. म्हणून त्या खांबासमोरची जमीन आम्ही शेतकरी वाफा राखतो तशी राखायचो. गवत घोट्याच्या वर गेलं, की माझा जीव वर-खाली व्हायचा. पावसाळ्यात तिथे तळं साचलं, की आरसाच बदलला. पहिला मोठा पाऊस झाला, की मी सकाळी गमबूट घालून आधी तिकडे चालत जायचो आणि मग खोली उघडायचो.

जमिनीच्या या आरशामुळे आणखी एक भानगड होते. तीन अंशांचा खरा उतार बनतो तसे त्याच्या वर, नऊ अंशांच्या आसपास, खोटे उतारही बनतात. म्हणून वैमानिक उताराला नेहमी खालून येऊन भिडतात. वरून आले तर काटा मध्यावर येईल, पण तो भलत्याच जिन्याचा.

तीन अंश म्हणजे किती, हे आपल्या गावावरूनच बघा. समजा विमानाला मिरज स्टेशनवर टेकायचंय, तर दहा किलोमीटर अलीकडे, सांगलीत गणपतीच्या देवळावरून जाताना ते सुमारे १७०० फुटांवर हवं. आपल्या विश्रामबागेवर, म्हणजे निम्म्या वाटेवर, साडेआठशे फुटांच्या आसपास. उतार इतका सौम्य असतो. ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने हे अंतर अडीच मिनिटांच्या आतच संपतं.

ही कल्पना फार जुनी आहे. २६ जानेवारी १९३८ रोजी वॉशिंग्टनहून पिट्सबर्गला निघालेलं एक प्रवासी विमान हिमवादळात याच पद्धतीने उतरलं. दोन सुरांची वजाबाकी तेव्हापासून जगभर चालू आहे. माझ्या नोकरीत पेट्यांच्या आतलं सगळं बदललं, व्हॉल्व्ह गेले, कार्डं आली, संगणक आला. षड्ज आणि धैवत तेच राहिले.

आता पाहण्याचा भाग. साध्या दर्जाच्या, म्हणजे श्रेणी एकच्या आयएलएसवर वैमानिक न बघता २०० फुटांपर्यंत येऊ शकतो. तिथे त्याला धावपट्टी किंवा तिचे पुढचे दिवे दिसलेच पाहिजेत. नाही दिसले तर क्षणभरही न रेंगाळता इंजिनं वाढवून वर जायचं, ज्याला गो-अराउंड म्हणतात. २०० फुटांवरून टेकायला उणीपुरी सोळा-सतरा सेकंद उरलेली असतात, तेव्हा विचार करायला वेळच नसतो. म्हणून निर्णय आधीच ठरलेला असतो. आयर्विन पुलाच्या पट्टीवर पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे आपण पूर आल्यावर ठरवत बसत नाही, तसंच हे. श्रेणी दोनमध्ये हीच मर्यादा १०० फुटांपर्यंत खाली येते आणि श्रेणी तीनमध्ये त्याहूनही खाली. जमिनीवर किती दिसतंय हे धावपट्टीच्या कडेला बसवलेली यंत्रं मीटरमध्ये मोजतात. श्रेणी एकला साधारण ५५० मीटर लागतात, श्रेणी दोनला ३००. दिल्लीला श्रेणी तीन-बी आहे, तिथे ५० मीटर दिसत असतानाही उतरता येतं. ५० मीटर म्हणजे आपल्या गल्लीच्या तोंडापासून तुमचं फाटकही धड दिसणार नाही, इतकं.

अशा वेळी विमान माणूस उतरवत नाही, ऑटोपायलट उतरवतो. शेवटच्या काही फुटांत ग्लाइड पाथ सोडून देतात आणि विमानाच्या पोटातला रेडिओ अल्टिमीटर उंची मोजत राहतो. त्यावरून नाक हळूच वर उचललं जातं, चाकं टेकतात आणि पुढे धावपट्टीच्या मध्यावर धरून ठेवायचं काम परत आमचा लोकलायझर करतो. प्रवासी विमान पहिल्यांदा असं आपोआप टेकलं ते जून १९६५ मध्ये, लंडनच्या हीथ्रोवर. तुमच्या विमानाचं तेच झालं. तुम्हाला जो जरा कडक धक्का बसला ना, तो बहुधा याच्यामुळे. यंत्र नाजूकपणा करत नाही, ठरल्या जागी टेकवतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे संपू शकतं, पण मला ते इथे संपवायचं नाही. ज्या काट्यावर दीडशे-दोनशे माणसं आंधळेपणाने खाली येतात, तो खरं बोलतोय हे कोण बघतं? माझी सगळी नोकरी याच प्रश्नात गेली.

प्रत्येक उपकरणासमोर थोड्या अंतरावर आमची एक छोटी अँटेना उभी असते, मॉनिटर. ती अहोरात्र आमचाच संदेश ऐकते. मध्यरेषा सरकली, रुंदी बदलली, जोर कमी झाला, की आधी दुसऱ्या ट्रान्समीटरवर जायचं आणि तरी सुधारलं नाही तर सगळं बंद करायचं. किती वेळात? श्रेणी एकच्या लोकलायझरला दहा सेकंदांची मुभा आहे, श्रेणी तीनला फक्त दोन. चुकीचं सांगण्यापेक्षा गप्प बसणं हा या यंत्रणेचा पाया आहे. गप्प झाली, की विमानात लगेच लाल निशाण वर येतं आणि वैमानिकाला कळतं, की हा काटा आता बघायचा नाही.

एकदा मीही हे जवळून पाहिलं. एका विमानतळावर माझी सकाळची पाळी होती. गवत कापणारा ट्रॅक्टर लोकलायझरच्या अँटेना आणि मॉनिटर यांच्या बरोबर मध्ये येऊन बंद पडला. चालकाला परवानगी दुसऱ्या पट्ट्याची होती. पॅनेलवर आधी पिवळा दिवा, मग कर्कश भोंगा, दुसरा ट्रान्समीटर चढला, तोही उतरला, आणि खोलीत एकदम शांतता. पंख्यांचा आवाज तेवढा. सात मैलांवर विमान होतं. टॉवरने त्याला वर पाठवलं आणि दहा मिनिटांनी ते सुखरूप उतरलं. विमानातल्या लोकांना नुसता उशीर झाला. मी मात्र त्या चालकाला चहा दिला आणि त्याच्याबरोबर चालत जाऊन तो पट्टा पायाने आखून दाखवला. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, की रिकामं दिसणारं ते गवत रिकामं नसतं.

आणि मॉनिटरच बाजूला ठेवला असेल तर? तपासणी करताना आम्हाला तो बायपास करावा लागतो, नाहीतर आपण हात लावला की उपकरण बंद होणार. जुलै २००० मध्ये सामोआमधल्या आपिया विमानतळावर ग्लाइड पाथ असाच बायपासमध्ये राहून गेला होता. रात्र होती, एअर न्यूझीलंडचं बोइंग ७६७ उतरायला आलं. ट्रान्समीटरमधून फक्त पहिला संदेश जात होता, दुसरा जातच नव्हता. मघाशी सांगितलेलं आठवा. पहिला एकटा असला, की सगळीकडे समसमान. वैमानिकांच्या समोर काटा मधोमध, लाल निशाण नाही, सगळं उत्तम. विमान वर असो की खाली, काटा हलणारच नव्हता. ते धावपट्टीच्या साडेपाच नॉटिकल मैल अलीकडे ४०० फुटांच्याही खाली आलं. अंतर आणि उंची जुळत नाही, दिवे भलत्याच जागी दिसतायत, हे लक्षात येऊन त्यांनी विमान वर घेतलं. सगळे वाचले.

ते प्रकरण वाचल्यापासून मी एक सवय लावून घेतली होती. बायपासची किल्ली फिरवली, की खोलीची चावी मी त्याच पॅनेलवर टांगायचो. किल्ली परत फिरवल्याशिवाय चावी हाती घ्यायची नाही, आणि चावीशिवाय दार लावता येत नाही. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या आठवड्यात हे शिकवलं. लोकांना धोका वाटतो तो टोकाला गेलेल्या काट्याचा, पण टोकाला गेलेला काटा निदान काहीतरी सांगत असतो. जरासुद्धा न हलणारा, मधोमध चिकटलेला काटा मला कायम जास्त भीतीदायक वाटला. खरा संदेश जरा जरा हलत राहतो, तंबोऱ्याच्या तारेसारखा. म्हणून चांगले वैमानिक काटा मध्यावर असूनही अंतर आणि उंची ताडून बघतात, टेकायच्या जागेपासून चार नॉटिकल मैलांवर साधारण तेराशे फूट आहोत ना. अंतर सांगणारं उपकरण वेगळं असतं, म्हणूनच ते साक्षीदार म्हणून चालतं.

आकाशातूनही तपासणी होते. विमानतळ प्राधिकरणाचं खास विमान ठरावीक मुदतीने येतं, आत मोजणीची उपकरणं घेऊन त्याच उतारावर पुन्हा पुन्हा ये-जा करतं आणि आम्ही खाली स्क्रू-ड्रायव्हर किंवा कीबोर्ड घेऊन बसतो. ते दिवस आमच्यासाठी वार्षिक परीक्षेचे.

आता दुसरा प्रश्न, एक विमान उतरलं आणि दुसरं जयपूरला गेलं त्याचा. जमिनीवर श्रेणी तीनची यंत्रणा असणं पुरत नाही. विमानात तशी उपकरणं हवीत, ती त्या दिवशी चालू स्थितीत हवीत, आणि दोन्ही वैमानिकांनी त्यासाठीचं वेगळं प्रशिक्षण घेऊन तशी परवानगी मिळवलेली हवी. यातलं एक जरी नसलं, तर त्या विमानाला खालच्या श्रेणीचा, बहुधा श्रेणी एकचाच, नियम लागतो. बाहेर शंभर मीटर दिसत असताना त्याने प्रयत्नही करायचा नाही. मित्राच्या विमानाचं यातलं नेमकं काय अडलं हे कंपनीलाच ठाऊक, पण कारण बहुतेक वेळा या यादीतलंच एखादं असतं.

शिवाय गर्दीचाही प्रश्न असतो. लोकलायझरच्या लहरी मोठ्या विमानाच्या शेपटीवर आपटल्या, की मध्यरेषा वाकते. त्यामुळे धुक्यात धावपट्टीजवळ कुणालाही उभं राहू देत नाहीत आणि दोन विमानांत अंतर वाढवतात. तासाला उतरणारी संख्या निम्म्यावर येऊ शकते, वर रांग लागते, इंधन संपत येतं, आणि मग जयपूर. लोक चिडतात, पण हे अंतर का लागतं ते नोव्हेंबर २०११ मध्ये म्युनिकला दिसलं. हवामान तितकं वाईट नव्हतं, म्हणून ही बंधनं लागू नव्हती. सिंगापूर एअरलाइन्सच्या ७७७ विमानाने ऑटोपायलटवर उतरायचं ठरवलं. त्याच वेळी पुढून उड्डाण केलेलं एक छोटं विमान लोकलायझरच्या समोरून गेलं. रेषा वाकली, ऑटोपायलटने वाकलेल्या रेषेचा पाठलाग केला आणि विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं. कुणाला इजा झाली नाही.

लेकाला हेही सांगा, की धुक्यात उतरणं जमलं म्हणून लगेच उडणंही जमेल असं नाही. उड्डाणाला आपल्याकडे निदान १२५ मीटर दिसावं लागतं, कारण धावताना इंजिन बिघडलं तर विमान सरळ धरायला वैमानिकाला डोळेच वापरायचे असतात. दिल्लीहून निघताना धुक्यात कधी खोळंबा झाला, तर तो यामुळेही असू शकतो.

राहिलं कवलापूर. खरं सांगायचं तर लहान विमानतळावर आयएलएस बसवणं परवडत नाही. उपकरणं, सपाट केलेली जमीन, चोवीस तास माणसं, तपासणीची विमानं. आता त्याला पर्याय आलाय. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून ‘गगन’ ही उपग्रहांची यंत्रणा उभी केली आहे. ती जीपीएसमधल्या चुका दुरुस्त करून विमानाला पाठवते आणि खाली एकही अँटेना नसताना तसाच तीन अंशांचा उतार काट्यावर दिसतो. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात किशनगढला इंडिगोचं एटीआर जातीचं विमान अशा पद्धतीने उतरलं. कराड असो की कवलापूर, आपल्याकडे मला हीच वाट योग्य वाटते. पण ती साधारण श्रेणी एकच्या जवळपासचीच, शेवटचे दोन-अडीचशे फूट डोळ्यांनीच बघायचे. पौष-माघात कृष्णाकाठी जे धुकं बसतं, ते तुम्ही शाळेला निघताना रोज बघताच. विमानतळ झालाच आणि कुणी मला विचारलं, तर मी एवढंच सांगेन, की हिवाळ्यात सकाळची पहिली फेरी साडेनऊच्या आधी ठेवू नका.